नखाएवढा हिमालय

दवाखान्यातून मुलीचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होतो आणि माझ्या हातात पाना होता. नळ ठिबकत होता म्हणून खोलला होता. आदल्या संध्याकाळी उषाला भेटायला गेलो तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेलेला, तरी तिने विचारलं होतं, "नळ गळतोय का हो अजून?" मी म्हटलं, "उद्या करतो." ती नुसती हसली. बावन्न वर्षांच्या संसारात आमचं शेवटचं बोलणं नळावर झालं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आई…" पुढचं मला ऐकायचं नव्हतं. नळ कसाबसा आवळला, शर्ट चढवला आणि निघालो. त्याला आज सात आठवडे झाले.

वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या बाईंनी मुलीकडे निरोप दिला, वडिलांना आईविषयी लिहायला सांगा. मी सातवी शिकलेला माणूस. हातात पेन धरण्यापेक्षा पाना धरण्यात माझा जन्म गेला. उषा असती तर तिने माझं शुद्धलेखन तपासून लाल रेघा मारल्या असत्या. मुलीला म्हटलंय, ऱ्हस्व-दीर्घ तू बघ, पण मी लिहिलेलं काढायचं नाही. कारण यात एक गोष्ट मला लिहायचीच आहे, जी मी उषाला आयुष्यभरात एकदाही तोंडाने सांगितली नाही.

उषा जन्मली ती कोलकात्यात, बागबाजारला. तिचे आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि घर इथलंच झालं. तिचं मराठी आपल्यासारखंच, पण सूर बंगाली, आणि मधूनच ती "पाणी खाल्लंत का?" असं विचारायची, कारण बंगाली माणूस पाणी पीत नाही, खातो. मी साताऱ्याकडचा. बराकपूरच्या बाजूला एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. मराठी मंडळाच्या गणपतीत ऐन प्रसादाच्या दिवशी पाण्याचा पंप बंद पडला आणि कुणीतरी मला पुढे ढकललं. मी तासाभरात पंप चालू केला, जोडांना ताग आणि सफेदा लावून आवळले. एक मुलगी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "एक थेंबही गळत नाही की!" ती बी.ए., शाळेत शिक्षिका. मी सातवी. तिच्या वडिलांना हे लग्न नको होतं. त्यांना ती म्हणाली, "बाबा, बी.ए. झालेले खूप पाहिले. बोललेलं काम पुरं करणारा हा पहिलाच." ते ऐकून माझी छाती फुगली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या फुगलेल्या छातीमुळे झालं.

उषा चौथीच्या मुलींना भूगोल शिकवायची. फळ्यावर खडूने हिमालय काढायची, टोकांना पांढरा खडू जाड फासायची. मला म्हणायची, "अहो, दहा वर्षं मी या पोरींना खोटं शिकवतेय. मी कुठे पाहिलाय? लांबून ढग दाखवतात आणि सांगतात, त्याच्यामागे आहे." म्हणून ती बंगाली मित्रमैत्रिणींच्या एका गिर्यारोहण क्लबात गेली. पुढे मलाही ओढलं. ते सगळे तिला उषादी म्हणायचे आणि मला जामाईबाबू, म्हणजे जणू मी त्या सगळ्यांच्या मोठ्या बहिणीचा नवरा. चहा आणायला जामाईबाबू, स्टोव्ह पेटवायला जामाईबाबू. मला ते आवडायचं.

मग एकाहत्तर साल आलं. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे आले. शहराच्या कडेला छावण्या पडल्या. उषा शाळा सुटली की तिकडे जायची, पाणी उकळायला, वाटायला. घाण पाण्याने लेकरं कशी जातात ते तिने तिथे पाहिलं. घरी आली की नळ सोडून त्याखाली हात धरून उभी राहायची, बराच वेळ… मी ओरडायचो, पाणी वाया जातंय. ती म्हणायची, "दोन मिनिटं हो." मला वाहता नळ बघवत नाही. कोलकात्यात पाणी ठरल्या वेळी येतं आणि ठरल्या वेळी जातं, त्यात मी फिटर. वाहता नळ दिसला की दुसऱ्याच्या घरात शिरूनसुद्धा बंद करणारा माणूस मी.

त्यानंतरच्या पूजेच्या सुट्टीत क्लबाने नेपाळ ठरवलं. मी आईला पत्रात लिहिलं, परदेशी चाललोय. तिचं उलट टपाली उत्तर आलं, बोटीत जपून बस. बैठकीत उषाने आपली अट घातली. "ज्यांच्या डोंगरावर आपण मजा करायला जातोय, त्यांच्या अंगणातलं एक काम आधी करायचं. मग पुढे चालायचं." आमचा पुढारी तपनदा म्हणाला, "उषादी, ही सुट्टी आहे की शिक्षा?" ती म्हणाली, "दोन्ही. वर खिचडीपण मिळेल." सगळे हसले आणि कबूल झाले. तिला नाही म्हणणं कुणाला जमत नसे. तपनदाला एक गाव माहीत होतं, दहा हजार फुटांच्या वर, जिथल्या बायका अर्धा तास चढून झऱ्यावरून पाणी आणायच्या. गावापुढे दीड दिवसाच्या चालीवर एक खिंड. त्या खिंडीत उभं राहिलं की मोठी शिखरं समोर भिंतीसारखी उभी राहतात, असं तपनदा सांगायचा. उषा ते ऐकताना लहान पोरीसारखी गुडघे जवळ घेऊन बसायची.

कोलकात्यात एस्प्लनेडच्या मागच्या बाजारात मी दोन शनिवार घालवले आणि एक पितळी नळ पारखून घेतला. जड, आटे स्वच्छ, चावी लोण्यासारखी फिरणारी. तो मी हमालाकडे दिला नाही, माझ्या पिशवीत वाहिला. काळा प्लास्टिकचा पाइप आणि सिमेंट काठमांडूत घेतलं. गावात आम्ही बारा जण पाच दिवस राबलो. क्लबातले बाबू लोक, हाताला फोड आले, पण कुणी कुरकुरलं नाही, कारण उषा सगळ्यांत पुढे फावडं घेऊन. झऱ्यापासून गावापर्यंत चर खणला, पाइप पुरला, आणि चावडीसारख्या मोकळ्या जागेत मी दगड-सिमेंटचा खांब बांधला. लोखंडी पाइप आणि एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, त्याच्या पोटात पक्के गाडले. वर माझा पितळी नळ. पाचव्या दिवशी दुपारी पाणी आलं. गावातली फूलमाया नावाची सून घागर भरत होती आणि हसत होती, घागर भरून वाहू लागली तरी तिला कळेना.

उन्हं उतरल्यावर मी नळ घट्ट बंद केला. फूलमायाचा सासरा, त्याला सगळे बाजे म्हणायचे, म्हणजे आजोबा, तो काठी टेकत आला आणि हात हलवून काही सांगू लागला. उषा त्याच्याशी मोडक्या हिंदीत बोलली आणि माझ्याकडे वळली. "अहो, ते म्हणतायत पाणी वाहतं राहू द्या. इथे कुणी पाणी कोंडत नाही."

"सांग त्यांना, पाणी वाया घालवायला मी एवढ्या लांब आलो नाही."

"थंडीचं काहीतरी म्हणतायत."

"बावीस वर्षं पाइप जोडतोय मी. ते काय मला शिकवणार?"

बाजेने माझ्याकडे पाहिलं, उषाकडे पाहिलं आणि गेला. उषा "ऐकून तर घ्या," एवढंच म्हणाली. मी ऐकलं नाही. मी गरम मुलखातला माणूस. पाणी गोठतं ते बर्फाच्या कारखान्यात, हेच मला माहीत. पाणी गोठलं की फुगतं आणि पोलाद फोडतं, हे चौथीच्या पुस्तकात असतं म्हणे. मी चौथी पास होतो, पण…

सकाळी उठलो तर गवत पांढरं. खांबापाशी गाव जमलेलं. माझा पितळी नळ उभा चिरला होता आणि आत गाडलेला एल्बो फुटला होता. ऊन चढलं तसं खांबाच्या बुडातून पाणी फुटलं आणि थेट फूलमायाच्या घराच्या भिंतीखाली शिरू लागलं. माती-दगडाची भिंत, दोन दिवसांत बसली असती. आमची पथारी आवरून झाली होती, खिंडीकडे निघायचं होतं. परतीची वाट डोंगराच्या दुसऱ्या अंगाने, या गावात पुन्हा येणं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. बाजेही. तपनदा म्हणाला, "जामाईबाबू, असं कसं झालं?"

आणि मी म्हणालो, "नळ खराब निघाला. बाजारवाल्याने फसवलं."

माझ्या शेजारी उषा उभी होती. काल बाजेचा शब्द न शब्द माझ्या कानात तिनेच घातला होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तपनदाला म्हणाली, "हो, नळच खराब निघाला. तुम्ही निघा. आम्ही दोघं राहतो, हे नीट करून सरळ खाली उतरतो."

मी तिला बाजूला घेतलं. "तू जा त्यांच्याबरोबर. खिंड बघून ये. मी एकटा करतो."

"एकट्याने कसं कराल? छिन्नी कोण धरणार?"

"गावातलं कुणीही धरेल."

"त्यांच्याशी बोलणार कोण? तुम्हाला ऐकू येत नाही." एवढाच एक टोमणा. आयुष्यभरात त्या गोष्टीवर तेवढाच.

दहा जण वर गेले. वळणावर तपनदाने टोपी हलवली. उषाने हात केला आणि लगेच वाकून छिन्नी धरली. मी तेव्हाच, त्याच जागी, म्हणायला हवं होतं… नाही म्हणालो. मी हातोडा मारत राहिलो. माझंच पक्कं काम, फुटता फुटेना. दोन दिवस लागले. एल्बो काढला, काळा पाइप चुलीवर ऊन करून वाकवला आणि खांबातून सरळ बाहेर काढला. बाजेने लाकडाची पन्हळ कोरून दिली. तिला नळ नाही, चावी नाही. रात्रंदिवस वाहणार आणि उरलेलं पाणी खालच्या शेतात जाणार. तो म्हातारा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उषा फूलमायाबरोबर झऱ्याचा गाळ काढायला वर गेली. तासाने धापा टाकत उतरली, गाल लाल. म्हणाली, "दिसला!"

"काय दिसला?"

"हिमालय. झऱ्याच्या वर दोन डोंगरांच्या मध्ये फट आहे, त्यातून."

"केवढा?"

तिने करंगळी पुढे केली आणि अंगठ्याने नखावर खूण केली. "एवढा. पण खरा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून पाइप बघत राहिलो.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. मग उषाच्या वडिलांचं आजारपण, मग तिचे गुडघे. आम्ही डोंगरात पुन्हा गेलो, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या गावात काम केलं. पण तिने नियम केला, पहिले दोन दिवस जामाईबाबूची पिशवी उघडायची नाही. तेवढे दिवस ती बायकांबरोबर पाणी भरायची, लाकडं आणायची, ऐकायची. मग मला सांगायची, आता उघडा. त्यानंतर माझं कुठलंच काम फुटलं नाही. लोक कौतुक माझं करायचे. ती खिंड मात्र राहून गेली. क्लबाची दुसरी तुकडी एकदा त्या गावावरून गेली होती. पन्हळ वाहतेय, थंडीत तिच्या कडेला बर्फाची दाढी लोंबते, असं त्यांनी सांगितलं. उषाने दोनदा विचारून घेतलं, "वाहतेय ना? नक्की?"

शाळेत ती निवृत्त होईपर्यंत फळ्यावर हिमालय काढत राहिली. मुलींना सांगायची, "मी नखाएवढा पाहिलाय. बाकीचा तुम्ही बघून या आणि मला सांगा." त्यातल्या दोघी-तिघी खरंच जाऊन आल्या. एक जण पन्नाशीची बाई, परवा घरी येऊन माझ्यासमोर बसून रडली.

बाजारातला तो माणूस कोण, कुठला, मला आठवतही नाही. त्याने मला चोख नळ दिला होता. मी त्याला अर्ध्या क्लबात चोर ठरवलं, आणि उषाने माझ्यासाठी तिच्या आयुष्यातलं एकुलतं एक खोटं बोलून त्यावर शिक्का मारला. ती खिंड तिने बाजारवाल्यामुळे नाही गमावली. माझ्यामुळे गमावली. ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून आम्ही कधी बोललो नाही. दवाखान्यातल्या त्या संध्याकाळी ती हसली तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. मी मनाशी म्हटलं, उद्या नळ करून येईन, मग निवांत बसून सांगेन…

तपनदा आहे अजून, फिरता येत नाही. मुलगी त्याला हे बंगालीत वाचून दाखवणार आहे.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोच आहे. वायसर खणात आहे, पाना ओट्यावर आहे, पाच मिनिटांचं काम. शेजारची बंगाली सून, मला दादू म्हणजे आजोबा म्हणणारी, रोज संध्याकाळी भाजी घेऊन येते. काल म्हणाली, "दादू, एवढे मोठे मिस्त्री तुम्ही, आणि घरात हा असला खराब नळ?"

मी तिला म्हटलं, "नळ चांगला आहे गं बाई. चूक माझी आहे."