जाड बांबू

ट्रकमधून बांबू उतरत होते. चांगले मनगटाच्या दुप्पट जाडीचे, सरळ, हिरवेगार. मी मागवले होते अगदी तसेच.

सत्त्याहत्तर सालच्या फाल्गुनातली गोष्ट. वणीजवळच्या एका गावात मोतीबिंदूचं शिबिर होतं. ऑपरेशनं शाळेत होणार आणि पेशंट पाच दिवस मैदानातल्या तंबूत झोपणार. मी ज्युनिअर इंजिनिअर, तंबू माझ्याकडे. तंबू पडला तर डोळ्यांवर पट्टी बांधलेली चाळीस माणसं कुठे पळणार, याच विचाराने मला आठवडाभर धड झोप नव्हती. म्हणून मी ऑर्डरमध्ये ठळक लिहिलं होतं, ‘बांबू जाड असावेत.’

आमचा मुकादम काशिनाथ पेठकडचा, बांबूच्या रानातला. त्याने एका बांबूवर कोयत्याची मूठ आपटली.

“साहेब, ह्यो पोकळ हाय. कवळा बी हाय.”

“जाड तर आहे.”

“घेर जाड हाय. अंग नाय.”

त्याने टोक छाटून दाखवलं. आत मोठं भोक, भिंत पातळ. तंबूच्या खांबाच्या डोक्यावर लोखंडी खिळा ठोकतात, तो कापडाच्या कडीत बसतो. वारा आला की दोर ताणतात आणि सगळा दाब त्या टोकावर येतो. आम्ही खिळा ठोकून पाहिला. बांबू हातभर चिरला.

माझे वरिष्ठ, डेप्युटी साहेब, जीपमधून उतरले तेव्हा मी चूक कबूल केली. वणीच्या वखारीत लाठ्यांसाठी ठेवलेले भरीव बांबू मिळतील, असं काशिनाथचं म्हणणं मी त्यांना सांगितलं. ते बांबू आणलेही. पक्के, पिवळे, पण दिसायला निम्मे.

“या काठ्यांवर तंबू? लोक हसतील.”

“हसू द्या, साहेब. पेशंट आत झोपणार आहेत.”

ते चिडले, पण अडवलं नाही. फक्त जाड बांबू वाया जायला नकोत म्हणून स्वयंपाकाचा मांडव त्यांचाच घालायला लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावामागच्या गडाकडून वारा सुटला. मी पेशंटच्या तंबूत धावलो. खांब वाकत होते, पुन्हा सरळ होत होते. तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. स्वयंपाकाचा मांडव झोपला होता. आचारी नुकताच पाणी आणायला गेला होता, म्हणून नुसत्या डाळीवर निभावलं.

पट्टी बांधलेल्या एका म्हातारीने शेजारचा खांब दोन्ही हातांनी धरला होता.

“काय पडलं रं, बाबा?”

“मांडव पडला, आजी. तंबू उभा आहे.”

तिने खांब चाचपला. “लय बारीक हाय की. पण गच हाय.”

तिला जे पट्टीआडून कळलं, ते मला उघड्या डोळ्यांनी ऑर्डर लिहिताना कळलं नव्हतं.