समाधीबाहेर राहिलेलं
माझे काका वारले तो सोमवार होता. सव्वा वर्षानंतर, एका बुधवारी सकाळी अकरा वाजता, त्यांच्या पेशी जिवंत होत्या. त्या मी पाहिल्या. शेजारी काकू होत्या.

काका मुरुम गावचे, भुसार मालाचे व्यापारी. पोटातली गाठ काढण्याआधी पुण्याच्या रुग्णालयात त्यांनी एका कागदावर सही केली. गाठीचा तुकडा औषधांच्या संशोधनासाठी द्यायचा होता. "कापून फेकणारच हायत, तर लागू दे कुणाच्या कामी," म्हणाले. चार महिन्यांनी गेले.

आमच्यात, लिंगायतांत, देह जाळत नाहीत. बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरतात. माणूस सगळा मातीत गेला पाहिजे, एवढंच काकूंचं म्हणणं होतं. त्यांनी रुग्णालयातून, तपासणीसाठी मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवलेला गाठीचा तुकडा मागून आणला आणि समाधीच्या पायथ्याशी पुरला. त्यानंतर त्यांना झोप लागू लागली.

मग, काकांनी संशोधनासाठी दिलेला तुकडा जिथे गेला होता, त्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. पेशी चांगल्या वाढत आहेत, पुढच्या चाचण्यांसाठी वारसाची परवानगी हवी. मी ते दोनदा वाचून दाखवलं.

"कोण वाढतंय?" काकूंनी विचारलं.

बुधवारी आम्ही दोघं प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या संशोधक मुलीने कपाटातून एक चपटी बाटली काढली. आत गुलाबी पाणी होतं. कपाटाचं तापमान सदतीस अंश, जित्या अंगाएवढं. मायक्रोस्कोपखाली लांबट, टोकदार पेशी एकमेकींना चिकटून पसरल्या होत्या. काही गोल झाल्या होत्या. त्यांतल्या एकेकीच्या आता दोन होणार, असं मुलगी म्हणाली.

काकू बराच वेळ डोळा लावून होत्या.

"खातात काय?"

"या पाण्यातलंच. दर तिसऱ्या दिवशी बदलतो."

"जित्तेपणी दुकानातून जेवायला उठायचे न्हाईत. पाण्यात काय असतं?"

"साखर, क्षार. आणि वासराच्या रक्तातला द्रव."

काकूंनी डोळा काढला. "यांनी घरात अंडं येऊ दिलं न्हाय."

त्यांनी मुलीपुढे हात केला.

"बाटली द्या मला. मातीत ठेवते."

"बाहेर देता येत नाही, काकू. परवानगी नसेल तर आम्ही वाफेत नष्ट करतो."

"म्हंजे मारणार."

"हो."

"सही केली तर हे इथंच. न्हाय केली तर म्या मारलं." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या.  मग त्यांनी मुलीला विचारलं, "न मारता, न खाऊ घालता ठेवता येतं का?"

"गोठवता येतं. तुमचं उत्तर येईपर्यंत."

"मग तसं करा."

पुढच्या मंगळवारी प्रयोगशाळेने फोनवर कळवलं की बाटली रिकामी केली आहे. पेशींच्या चार नळ्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत आहेत, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. परवानगीचा कागद काकूंकडे आहे. त्यावर सही नाही.