एफीचे चार दात

शेल्बी वाव्राच्या घरात जेवणं उरकली की दीडच्या सुमारास सोफ्याची बैलगाडी व्हायची. वरून गोधडी ताणायची, तिची टोकं खुर्च्यांना बांधायची, की झालं छप्पर. पाच वर्षांचा आमोस पुढं बसून नसलेल्या बैलांवर ओरडायचा. साडेसात वर्षांची टिल्डा आत उशांवर लवंडायची, आणि शेल्बी मधोमध मांडी घालून मोठ्यानं वाचायला लागायची. बाहेर नेब्रास्काचं मार्चमधलं वारं मक्याच्या वाळक्या खुंटांतून सुं सुं करत फिरायचं. प्लॅट नदीवर उतरणारे क्रौंच घरावरून कलकलत जायचे. दोन पानं वाचून होईतो वारं पुस्तकातलं की दारातलं, हे तिघांनाही सांगता आलं नसतं.

हीच त्यांची शाळा. सासूबाईंना, म्हणजे व्लास्टाला, ती बिलकूल पसंत नव्हती. "गोधडीत लोळून कुणी शिकलंय का? माझा डेरिल बसनं शाळेत गेला. काय बिघडलं त्याचं?"

"लग्न झाल्यापासून तेच शोधतेय," शेल्बी म्हणायची.

शेल्बी काही शिकलेली मास्तरीण नव्हती. लग्नाआधी बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. पण आवाज! ती नदी वाचायला लागली की मुलं पाय वर घ्यायची, भिजू नयेत म्हणून. आणि वाचायची ते इमानानं. आपण राहतो ती जमीन इथल्या मूळच्या पॉनी आदिवासींची होती, ती त्यांच्याकडून कशी गेली, हे आलं की ती थांबून नीट सांगायची. गाळायची नाही.

गाळली फक्त दोन पानं.

पुस्तक होतं निळ्या कापडी बांधणीचं, वाचनालयानं जुनी पुस्तकं विकायला काढली तेव्हा आणलेलं. जुन्या काळी बैलगाडीनं मिसूरीहून ओरेगनला निघालेलं एक कुटुंब: आई, बाप, तीन मुलं आणि तान्ही एफी. सहा जीव, एक गाडी. पण सातव्या प्रकरणात, नदीच्या एका वळणाशी, एफीला ताप येतो आणि दोन पानांत ती जाते. वाटेकडेला तिला पुरून गाडी पुढं निघते. शेल्बीनं ते आदल्या रात्रीच वाचून ठेवलं आणि मुलांपुढं वाचायचं नाही असं ठरवलं.

कारण नोव्हेंबरात तिला मुलगी झाली होती आणि एकच दुपार जगली होती. मुलं तेव्हा आजीकडे. टिल्डाला आजीनं दबक्या आवाजात काहीतरी सांगितलं, आणि "आईला विचारू नकोस" असंही सांगितलं. शेल्बी मोकळ्या हातांनी घरी आली, तर आमोस दारातच उभा. "बाळ कुठंय?"

"अजून वेळ आहे, राजा," ती बोलून गेली. असं का बोलली, देव जाणे! पण बोलली, आणि ते परत घेणं तिला जमेना. पोरगा तेव्हापासून वाट बघत होता. दारात गाडी थांबली की विचारायचा, "आलं का?"

तर सातव्या प्रकरणाशी आल्यावर तिनं अंगठ्यानं दोन पानं एकदम उलटली, आणि एफी जगली. पुढच्या प्रत्येक प्रकरणात शेल्बी तिला आपल्या पदरचं काहीबाही घालायची. एफी रांगली. एफीनं बापाची टोपी प्लॅटमध्ये भिरकावली. एफीला दात आले, एक नाही, दोन नाही, चार! मुलं खिदळायची. शेल्बीलाही बरं वाटायचं, फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. त्या गाडीत बसून ती कुठल्या कुठं निघून जायची, आणि तिथं तिच्या मांडीवर एक बाळ असायचं.

मग पुस्तकात एक किल्ला आला. वाटेतल्या किल्ल्यावर बाप पुन्हा सामान भरतो, आणि त्याची यादीच पुस्तकात छापलेली. शेल्बीला वाटलं, वा, आजचं गणित झालं. तिनं राजम्याचा डबा जमिनीवर ओतला. एक दाणा म्हणजे दहा पौंड पीठ. यादी टिल्डानं वाचायची. ती नुकतीच अक्षरं जुळवायला लागली होती.

टिल्डा बोट फिरवत वाचू लागली. "पा... पाच माणसांचं पीठ." ती थांबली. "ममा, पाचच लिहिलंय."

"छापताना चुकलं असेल," शेल्बी म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

आमोसनं बोटं मोजली. आई, बाप, तीन मुलं, एफी. सहा. तो लालबुंद झाला. "एफीला उपाशी ठेवणार तो? कसला बाप हा!"

"बाळं पीठ खात नाहीत, शहाण्या," टिल्डा म्हणाली. "दूध पितात."

शेल्बीचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच.

"तिला चार दात आलेत!" आमोस ओरडला. "ममानंच वाचलंय! चार दात असले की भाकरी लागते. हो ना, ममा?"

घ्या! आपलेच दात आपल्याला चावले. शेल्बीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. टिल्डा तिच्याकडे बघत होती. मग पोरीनं पानं मागं चाळली आणि कधीच न पाहिलेल्या पानावर थांबली. चित्र होतं तिथं: गवत, दगडांची लहानशी रास, आणि पाठमोरी उभी पाच माणसं.

"हे तू वाचलं नाहीस," टिल्डा म्हणाली.

"नाही वाचलं."

"का?"

शेल्बीनं पुस्तक मांडीवर घेतलं. आता ते मिटून "चला, दूध प्या" म्हणणं सोपं होतं. आमोस तोंड उघडं टाकून वाट बघत होता, चार महिने बघत होता तशीच. तिनं वाचायला सुरुवात केली. ताप वाचला. ओली फडकी वाचली. आईनं एफीला रात्रभर मांडीवर धरलं, ते वाचताना आवाज फाटला, तरी थांबली नाही. दोन्ही पानं संपवली.

आमोसनं चित्रातल्या दगडांच्या राशीवर बोट ठेवलं.

"मग तू वाचलेली एफी?" आमोसनं विचारलं.

"ती मी रचली रे."

आमोस तिच्याकडे वळला. मग अगदी हळू म्हणाला, "आपलं बाळ पण येणार नाहीये का?"

"नाही येणार. ती आली होती, आमोस. एक दुपारभर होती, आणि गेली. मी तुला खोटं सांगितलं. चुकलं माझं, फार चुकलं."

टिल्डा तिला येऊन चिकटली. "मला ठाऊक होतं," ती पुटपुटली, "पण तुला विचारायचं नव्हतं ना." शेल्बीनं तिला घट्ट जवळ ओढलं. चार महिने ही एवढीशी पोर एकटीच ते घेऊन फिरत होती!

"नाव काय तिचं?" आमोस म्हणाला.

हे नाव घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. डेरिलनंही नाही. "आयव्ही," शेल्बी म्हणाली.

"दात होते?"

"छे रे. केस होते. काळेभोर, आजोबांसारखे."

"काय करायची ती?"

शेल्बीला वाटलं होतं, सांगण्यासारखं काहीच नाही. एवढीशी तर दुपार. "तुझ्या बाबांचं बोट धरलं होतं तिनं," ती म्हणाली. "सोडेचना."

"मग?"

"मग एक जांभई दिली. एवढी मोठी, की नर्ससुद्धा हसली."

आमोस सरकून तिच्या मांडीला टेकला आणि त्यानं गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"आणखी सांग," तो म्हणाला, "आणि काही गाळू नकोस."