बस्सीपलीकडचा अंधार

जयपूरजवळच्या बस्सी गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपून रेताड वाट सुरू होते, तिथे आमची जमीन आहे. जमीन म्हणजे दगड, बाभळी आणि मधोमध एक खोली. पाणी टँकरचं. ह्यांनी निवृत्तीचे पैसे त्यात घातले तेव्हा मी कितीतरी दिवस अबोला धरला होता. विम्याच्या नोकरीत नागपूरहून जयपूरला बदली झाली, जवाहर नगरात घर झालं, शेजार जुळला. ह्या वयात माणसं दवाखान्याजवळ घर बघतात. आमचे हे निघाले अंधार विकत घ्यायला.

अंधार हा त्यांचाच शब्द. जयपुरात तारे दिसत नाहीत आणि तिकडे मावत नाहीत, असं म्हणायचे. दुर्बीण आली. टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद चिकटवला, कारण पांढऱ्या उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडते. दिवेलागणीनंतर खोलीत बल्ब लावायलाही बंदी. जवळच्या वस्तीतल्या लोकांनी ठरवून टाकलं, की हे जयपूरवाले रात्री काहीतरी पूजा-बिजा करतात, आणि सूर्य मावळल्यावर आमच्या कुंपणाकडे कुणी फिरकेनासं झालं. मुलगी फोनवर विचारायची, मतलब तुम्ही दोघं खरंच तिथे अंधारात बसता? बसतो, म्हटलं. तुझे बाबा तारे बघतात, मी डास मारते.

खरं सांगायचं तर मला तिथे भीती वाटायची. स्वतःचा हात दिसत नसे. कुंपणाला कोणीतरी अंग घासून जायचं. हे म्हणायचे, नीलगाय आहे. असेल. पाहिली कोणी होती? ह्यांना मात्र कशाचंच भय नव्हतं. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून माठापर्यंत हे टॉर्चशिवाय सरळ चालत जायचे आणि मी मागून ठेचकाळत. मला त्याचं कौतुक वाटे. हाच माणूस जयपुरात संध्याकाळच्या बाजारात उभ्या स्कूटरला धडकायचा, समोरून आलेल्या ओळखीच्या माणसाला ओळख द्यायचा नाही. लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून मी तिथेच झापायची.

ती रात्र मे महिन्यातली. दुपारी आंधी येऊन गेली होती. वारा पडला, पण धूळ हवेत तशीच राहिली. जयपूरच्या बाजूचा उजेड त्या धुळीत पसरून सगळं आकाश गढूळ, तांबूस झालं होतं. त्यामुळे काळोखही नेहमीसारखा नव्हता, समोरचं अंधूक दिसत होतं. वर मात्र एकही तारा नाही. चला, आज लवकर झोपायला मिळेल, असं मला वाटलं.

हे माझ्या शेजारच्या खाटेवर बसले, मान वर केली आणि सांगायला लागले.

"तो बघ सप्तर्षी. शेपटीचा बाक तसाच पुढे न्यायचा, की स्वाती. आज काय सुरेख दिसून राहिली."

मी वर पाहिलं. आधी वाटलं, थट्टा करताहेत. पण आवाजात थट्टा नव्हती. बोट ताठ होतं, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न चुकता सरकत होतं आणि जिथे सरकत होतं तिथे काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. बाहेरचं, लागिर वगैरे गोष्टींना मी आयुष्यभर हसले. त्या क्षणी मात्र वाटलं, खाटेवर बसलंय ते आपलं माणूस नाही.

मी आवाज न करता उठले. चपला तिथेच ठेवल्या आणि रेतीवरून चालत अगदी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. मला त्यांचा सदरा, चष्मा, हलणारे ओठ, सगळं दिसत होतं. हे माझ्या रिकाम्या खाटेशी बोलत होते. कंटाळलीस का, म्हणून त्यांनी खाटेला विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा मान वळवली. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकत पुढे गेली. थांबली नाही.

मी खांद्यावर हात ठेवला तसे ते केवढ्याने दचकले.

"अहो, मी केव्हाची समोर उभी आहे."

 मग त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतोय. आधी रात्रीचं जातं, मग बाकीचं. औषध नाही. निवृत्तीच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून जागेची घाई. तारे दिसताहेत तोवर बघून घ्यायचे होते. माठापर्यंतची वाट दिवसा चालून चालून पाठ केली होती. इथे बरं वाटायचं, म्हणाले, इथे तूही चाचपडतेस.

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त होता. एका घरात राहून मला कळू दिलं नाही, आणि मी मूर्खासारखी भर बाजारात झापत राहिले.

"हिवाळ्यापर्यंत मोठे तारे दिसायचे," ते म्हणाले. "आज एकही दिसला नाही. संपलं ते. तुला समजू नये म्हणून पाठ होतं ते बोलत बसलो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि एकदम हायसं वाटलं. मी म्हटलं, अहो, आज वर धूळ आहे, आंधीची. मलाही एक तारा दिसत नाही. कुणालाच दिसणार नाही आज.

वारा तर केव्हाच पडला, ते म्हणाले. मी मुलीची शपथ घेतली. त्यांनी चाचपत माझा हात शोधला आणि थोपटला.

"कधी नव्हे ते माझ्यासाठी खोटं बोलून राहिली तू," ते म्हणाले. "आता तूच सांग, कुठे काय दिसतं. मला वाईट नाही वाटणार."

मी पुन्हा वर पाहिलं. काही नाही हो, म्हटलं, खरंच काही नाही. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, आडवे झाले, आणि मी सांगायला सुरुवात करीन म्हणून वर तोंड करून वाट बघत राहिले.