गळक्या मोटारीतली हळद

माझा सातवा महिना सरत आला होता आणि मोटार गळत होती. धारच्या आमच्या घरात त्या पावसाळ्यात तिसरा विषय नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे देवासला व्हायचं. आठवा लागला की गर्भारणीनं प्रवास करायचा नाही. बैलगाडीचे हिसके सासूबाईंना नकोत, आणि मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हुकूम होता की सून भिजत जाणार नाही. उरली मोटार. दरबारच्या मोटारखान्यातून उतरलेली ती जुनी गाडी मामंजींना मिळाली होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता.

मला आई हवी होती. बाळंतपणाची फार भीती वाटत होती, आणि ते सासरी कुणाला सांगायची सोय नव्हती.

गाडीचं छत कापडी. पाणी मागच्या बैठकीवर ठिबकायचं, म्हणून मामंजी स्टुलावर चढून छताच्या मागच्या भागावर झारीनं पाणी ओतायचे. प्रश्न माझ्या जाण्याचा, तेव्हा आत बसून बघायचं काम माझ्याकडे. थेंबही यायचा नाही! आणि पाऊस पडून गेला की बैठक चिंब. शिवणींना मेण झालं, राळ झाली. ड्रायव्हर तर हात जोडून मोकळा झाला, "कपड़ो तो पक्को है साब, पाणी कां से आवे राम जाणे." मलाही काही कळेना. वरून येत नाही, खालून येत नाही, मग बैठक काय रडते?

त्यात भर आमच्या बोलण्याची. सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही रीत. लग्न होऊन आल्यापासून मामंजींपुढे मी शब्द काढला नव्हता. हे इंदूरला नोकरीवर. म्हणून सासूबाई छत्री घेऊन गाडीच्या दाराशी उभ्या. मी त्यांना सांगायचं, त्यांनी यजमानांना. एकदा मी म्हटलं, उजवीकडे ओल दिसतेय. मी मागे तोंड करून बसले होते. मामंजींनी आपल्या उजव्या बाजूला, म्हणजे नेमकी उलटीकडे, राळ थापली आणि दिवस फुकट गेला. हसावं की रडावं, तेच कळेना.

शेवटी मी स्वयंपाकघरातून हळद आणली आणि छताच्या पांढऱ्या अस्तराला आतून चोळली. ओली हळद गडद होते, एवढं मला ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, मोटारीचं लग्न लावतेस की काय?"

दुपारी पाऊस आला. मी आत बसून वर बघत राहिले. मागची हळद कोरडीच होती. गडद रेघ निघाली ती पार पुढून, काचेच्या वरच्या लाकडी पट्टीपासून. अस्तरावरून सरकत सरकत ती मागे आली आणि तिथून थेंब माझ्या मांडीवर पडला. पट्टीत बारीक भोकं होती, ओळीनं. ती कसली, हे मला क्षणात कळलं. दर दसऱ्याला मामंजी गाडीची पूजा करून झेंडूचं तोरण स्वतःच्या हातानं तिथे खिळ्यांनी ठोकत आणि दुसऱ्या दिवशी खिळे उपटत.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या एकदम मागे सरल्या. "त्यांच्या हातचं तोरण ते. मी नाही सांगायची. सुनेनं सासऱ्यांची चूक काढायची?"

बाहेर मामंजी भर पावसात पुन्हा मागच्या शिवणीला राळ लावत होते. चष्म्यावरून पाणी गळत होतं. आठवा दोन दिवसांवर आला होता. मला एकदम रडू फुटलं आणि रागही आला, कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. मी दार उघडून खाली उतरले.

"मामंजी, तिथे नाही. पुढे. तोरणाचे खिळे."

त्यांचा हात थांबला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजी पुढे गेले, पट्टीवरून बोट फिरवलं, एकेक भोक चाचपलं. मग राळेचं भांडं खाली ठेवून दिलं. मला वाटलं, संपलं आता, देवासही गेलं.

"अहो," ते सासूबाईंना म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते, "तिला सांगा, सामान बांध म्हणावं. आणि पावसात उभी राहू नकोस म्हणावं, पोरी."