नुसते बघणारे डॉक्टर

डॉ. केळशीकर कुणाच्याही घरातून निघाले की उंबऱ्यावरच थांबून हात धुवायचे. जंतुनाशकाच्या पाण्याची बाटली त्यांच्या बॅगेत असायची. घरची बाई निरोप द्यायला दारात आलेली असे. तिच्यादेखत ते बोटांच्या बेचक्या चोळचोळून धूत आणि मग तिलाच हसून नमस्कार करत. त्या हसण्याची मला पहिल्या दिवसापासून शिसारी आली. पण माणूस विद्वान आणि त्यांची मदतनीस म्हणून माझी पहिलीच नोकरी. मी वजनकाटा उचलून त्यांच्यामागून चालू लागे.

घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका चाळीत त्यांचा अभ्यास चालला होता. तरुण माणूस म्हातारा होईपर्यंत त्याच्या शरीरात काय काय बदलतं, हे त्यांना पाहायचं होतं. दर वर्षी त्याच खोल्यांत जायचं, वजन आणि रक्तदाब बघायचा, झोप-भूक विचारायची, रक्त काढून न्यायचं. रक्ताचे निकाल फक्त डॉक्टरांकडे जात. लोक बिचारे खूश होते. एवढा मोठा डॉक्टर घरी येतो, काही असलं तर सांगेलच, असं त्यांना वाटे.

डॉक्टरांचा आवाज कधी चढला नाही. प्रत्येकाचं नाव त्यांना पाठ होतं. चहा मात्र कुणाचाच घेत नसत. कुणाला औषध सुचवू का, असं मी विचारलं की म्हणत, "आपण आरसा आहोत. आरसा कुणाचे केस विंचरत नाही."

त्या चाळीत तुकाराम सावंत राहायचे. संपात गिरणी गेली, तेव्हापासून मुलुंडला वॉचमन होते. दर खेपेला ते आणखी वाळलेले दिसत आणि आमच्यासमोर तांब्यावर तांब्या पाणी पीत. मी डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, वयोमान. मग टॅक्सीत बसल्यावर स्वतःशीच बोलले, "सुंदर उतरतोय आलेख."

पुढच्या वर्षी गेलो तर सावंत खाटेवर पडून होते. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. खिळा लागल्याचं निमित्त झालं, जखम सडत गेली. खोलीत बसवत नव्हतं असा वास येत होता, असं त्यांची बायको सांगत होती. रुग्णालयात म्हणाले, साखर जुनी आहे, वेळेवर कळायला हवी होती. सांगता सांगता ती थांबली आणि तिनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"तुमी दर वर्साक रगात न्हेलास. साखर तुमका दिसली आसतली ना?"

"दिसली होती," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"मगे सांगूक नाय कित्या?"

"सांगितलं असतं तर यांनी औषध घेतलं असतं, बाई. मग आजार आपल्या गतीनं कसा जातो, ते कळलं नसतं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. सावंतांना काट्यावर बसवा, म्हणाले, फक्त गेलेल्या पायाचं वजन हिशेबात धरावं लागेल. मी काटा जमिनीवर ठेवला आणि सांगितलं की आता याला मी हात लावणार नाही. मला वाटलं, निदान आता ते ओशाळतील. ते काटा स्वतः सरळ करू लागले.

सावंतांनी पायावर चादर ओढली. बायकोला हळूच म्हणाले, "डॉक्टराक दार दाखय."

पातळ भिंतीतून शेजाऱ्यांना सगळं ऐकू गेलं होतं. डॉक्टर पुढच्या खोलीशी गेले, तर आतून कडी लागली. त्यापुढच्या खोलीचीही लागली. काटा काखोटीला मारून ते गॅलरीभर हिंडले, एकेका दारावर टकटक करत, आदरानं पूर्ण नाव घेऊन हाक मारत. आत भांडी वाजत होती, रेडिओ चालू होता. एकही दार उघडलं नाही.

जिन्याशी मी उभी होते. नोकरी सोडल्याचं सांगायला थांबले होते. त्यांनी ते नीट ऐकलंसुद्धा नाही. बंद दारांकडे बघत ते खऱ्याखुऱ्या दुःखानं म्हणाले, "या लोकांना स्वतःच्या तब्येतीची काही पर्वाच नाही हो."