रिकाम्या उंबऱ्यांवरची सुगडं
संक्रांतीच्या बाजारात कोऱ्या सुगडांचा वास आला, की निजामाच्या राज्यातलं, धारूरजवळचं आमचं गाव आठवतं. माझा बाप तिथला कुंभार. संक्रांतीला आम्ही घरोघर सुगडं पोचवायची आणि सुगीला त्या घरांनी आम्हाला ज्वारी द्यायची, अशी रीत. एका संक्रांतीच्या आदल्या साली प्लेगनं निम्मं गाव नेलं, उरलेल्यांतले कितीतरी मुंबईच्या गिरण्यांत गेले. तरी बापानं सुगडं पूर्वीइतकीच भाजली. डोक्यावर पाटी घेऊन मी फिरले, तर दाराला दार लागून नुसती कुलपं. परत येऊन चिडून म्हणाले, "आबा, एवढी काहून केली? घ्यायला कुणी न्हाई." फिरत्या चाकावरची नजर न काढता तो म्हणाला, "उंबऱ्यावर ठिव. सणाला बाया माघारी आल्या, तर वाण कशात देतील?" मी ठेवली. रथसप्तमी झाली तरी ती तिथंच होती, धुळीनं भरलेली. एरवी कितीतरी खेपा लागायच्या, पण त्या सुगीला वर्षाची ज्वारी आईनं एकाच खेपेत डोक्यावरून आणली. पुढच्या संक्रांतीआधी आम्हीही गाव सोडलं. आता दर साली सुगडं विकत घेताना वाटतं, आम्ही गेल्यावर आमच्या उंबऱ्यावर सुगडं ठेवायला गावात कुंभारच उरला नव्हता.